शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस

अग्रलेखाच्या जागी मांजराच्या पिल्लांचा विषय पाहून आमच्या काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. म्हादईच्या पाण्याचा तंटा मिटलेला नाही, सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, महागाई रोज नवी पायरी चढते आहे. आणि संपादकमहाशयांना सुचतात ती मांजरे! हा आक्षेप आम्ही आधीच मान्य करून टाकतो. परंतु ज्या गोष्टीपायी एका सुशिक्षित, प्रेमळ घरात एक जीव विनाकारण गेला आणि ज्या कारणाने तो गेला ते कारण आपल्यातील बहुतेकांच्या घरातील फडताळात आज या क्षणीही पडलेले आहे, ती गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात काकतीला एका जुन्या स्नेह्याच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. बेळगावहून पुण्याच्या रोखाने महामार्गाला लागले की थोड्याच वेळात काकती येते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. मार्कंडेय नदीचे खोरे, भात आणि ऊस. एका अंगाला महामार्गाची अहोरात्र धावपळ आणि दुसऱ्या अंगाला जुनी कौलारू घरे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि एकाच वाक्यात दोन्ही, अशी तिथली रीत. आमच्या स्नेह्याच्या घरी अद्याप भाताची कणगी आहे. कणगी आली की उंदीर आला आणि उंदीर आला की मांजर आले. या घरातील मनी तीन पिढ्यांची मानकरी. तिला झालेल्या चार पिल्लांपैकी दोन शेजाऱ्यांनी नेली. एक भाटी आणि एक बोका अशी दोन घरात राहिली. ती साडेचार-पाच महिन्यांची झाल्यावर घरच्यांनी समंजस निर्णय घेतला: पिल्लांची पिल्ले आणि त्यांची पुन्हा पिल्ले असा गुणाकार होऊ देण्याऐवजी दोघांची नसबंदी करून घ्यावी. शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. संध्याकाळी दोन्ही पिल्ले बुट्टीत घालून घरी आणली. तिसऱ्या दिवशी भाटी मेली.

आम्ही पोचलो तो चौथा दिवस. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सांगत होत्या. रात्री ते लेकरू कण्हत होते, कुशीवर वळता येत नव्हते, हात लावला तर अंग तापल्यासारखे वाटले. दवाखान्यातून मिळालेला कागद इंग्रजीत होता. तो घरात नीट वाचू शकणारा मुलगा रात्रपाळीला गेला होता. दुखण्यावरचे थेंब लिहून दिले होते. ते गावातील औषधांच्या दुकानात मिळाले नव्हते, दुसऱ्या दिवशी बेळगावहून आणायचे ठरले होते. तेव्हा वहिनींनी घरात होती ती तापाची गोळी घेतली, चार तुकडे केले, एक तुकडा चुरून दुधातून पाजला. ‘भावोजी, नातू तापला की तीच गोळी देतो की आम्ही,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांकडे पाहण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

ती गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. डोकेदुखीपासून डेंग्यूपर्यंत ज्या गोळीवर अवघा भारतवर्ष विसंबून आहे, ती मांजराच्या बाबतीत सरळ विष ठरते. कारण असे की, हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते, ती मांजराच्या जातीत फारच तोकडी असते. त्यामुळे औषधाचे विषारी अवशेष रक्तात साचतात, रक्तातील तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेईनासा होतो, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी वा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम. दीड किलोच्या पिल्लाला मारण्यास तो पुरेसा आहे. वेळीच लक्षात आले तर यावर उतारा आहे. परंतु वेळीच म्हणजे पहिल्या काही तासांत, आणि गोळी दिली होती हे पशुवैद्याला कोणी सांगितले तरच. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक या आपल्या घरगुती औषधांचीही तीच गत. जनावरांना डायक्लोफेनॅक टोचले आणि त्यांची मढी खाऊन आपल्या आकाशातील गिधाडे नाहीशी झाली, हा इतिहास फार जुना नाही. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती त्यामुळेच. एका जीवाचे औषध दुसऱ्या जीवाचे मरण असू शकते, हे आपण तेव्हा शिकावयास हवे होते.

दोष कोणाचा? वहिनींचा म्हणण्याची आमची छाती नाही. ज्या बाईने रात्रभर जागून एका पिल्लाच्या कण्हण्याला ओ दिली, तिच्याकडे बोट दाखवणे हे कोडगेपणाचे होईल. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हातही चुकला नव्हता. उणीव होती ती दवाखान्याचा दरवाजा आणि घराचा उंबरा यांच्या मधल्या जागेत. टेबलावरचे काम अर्ध्या तासाचे असते. त्यानंतरचे दहा दिवस मात्र घराचे असतात, आणि त्या दहा दिवसांसाठी आपण घराला काहीच सांगत नाही. सांगितलेच तर त्या घराला न समजणाऱ्या भाषेत सांगतो.

येथे एक जुना आक्षेप निकालात काढला पाहिजे. ‘नसबंदी’ हा शब्दच अनेकांच्या मनात अजून खुपतो. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात लक्ष्यांक गाठण्यासाठी माणसांना जनावरांसारखे गाड्यांत कोंबले गेले, तेव्हापासून त्या शब्दाला एक बोच आहे आणि ती असणे रास्तही आहे. दुसरे काही भाविक म्हणतात, देवाने दिलेले आपण का तोडावे? मांजर तर सटवाईचे वाहन. ज्या षष्ठीदेवीने बाळाच्या ललाटी लिहावे, तिच्याच वाहनाला चाकू लावावा काय? मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला न्यावे लागते, असे आपल्या आज्या सांगत आल्या. या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. पण आजीला सोन्याच्या मांजराची गोष्ट सांगणाऱ्या त्याच समाजात पिल्लांचे गाठोडे बांधून रात्री मासळी बाजारात, देवळाच्या आवारात किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, हे कसे विसरावे? आपण मारीत नाही. आपण फक्त सोडून येतो. पुढचे काम कुत्रे, मोटारी आणि पावसाळा करतात, आणि काशीचे भाडे वाचते.

हिशेब साधा आहे. मांजरीचे गर्भारपण सुमारे नऊ आठवड्यांचे. चार महिन्यांची भाटीसुद्धा गाभण राहू शकते, आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाही पुन्हा राहू शकते. वर्षाकाठी दोन-तीन वेते, प्रत्येकी तीन ते पाच पिल्ले. पूर्वी सहा महिने होईपर्यंत थांबावे असे सांगितले जाई. आता अनेक पशुवैद्य पाच महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया उरकावी असे म्हणतात, ते याचसाठी. पिल्लू निरोगी असावे, वजनाने भरलेले असावे, पशुवैद्याने तपासलेले असावे, एवढी अट. लहान वयात जखम लहान होते आणि लवकर भरून येते, हा अनुभव जगभरचा आहे.

मात्र या साऱ्या विषयाकडे शासनाचे आणि समाजाचे लक्ष आहे ते कुत्र्यांपुरते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील चिकाटीतून उभा राहिला. त्या कायद्याखाली २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे जे नियम झाले, त्यांच्या शीर्षकातच ‘कुत्रे’ हा शब्द कंसात होता. २०२३ च्या नियमांच्या शीर्षकातून तो शब्द गेला, पण व्यवहारातून गेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो सुधारून दुसरा दिला, तेव्हा साऱ्या देशाने त्यावर हिरिरीने मत दिले. मांजर चावत नाही म्हणून चर्चेत नाही. (चावते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो, आणि पिसाळलेले मांजर पिसाळलेल्या कुत्र्याइतकेच धोकादायक असते, म्हणून तीन महिन्यांनंतर त्यालाही रेबीजची लस टोचावीच.) भटक्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झाली तर काही दिवस त्याला केंद्रात ठेवून मग सोडतात. घरच्या मांजराचे केंद्र म्हणजे आपले स्वयंपाकघर. तेथे ना डॉक्टर, ना परिचारिका. तेथील कारभार वहिनींच्या हाती.

म्हणून हा कारभार कसा चालावा, याविषयी आम्ही पशुवैद्यांकडून समजून घेतले ते, अग्रलेखाच्या भाषेला थोडी रजा देऊन, येथे मांडतो.

पहिली चूक शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच होते. माणसाला बारा-बारा तास उपाशी ठेवतात म्हणून आपण पिल्लालाही उपास घडवतो. चिमुकल्या जीवाच्या अंगात साखरेचा साठा तो किती! लांबलेल्या उपासाने ती घसरते आणि भुलीतून उठणे कठीण होते. पिल्लांना खाण्यापासून किती तास दूर ठेवायचे हे पशुवैद्याला विचारावे. ते थोडेच तास असतात. आणि शुद्धीवर येऊन मान सावरू लागले की त्याच संध्याकाळी थोडेसे खाऊ घालावे. थोडेसे म्हणजे नेहमीच्या निम्मे. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगावयास नको की मांजराला मासळीचा वास लागला तर ते मरणाच्या दारातूनही परत फिरेल. तेव्हा काटे काढलेली, मीठमसाल्याविना उकडलेली मासळी किंवा कोंबडीचा चिमूटभर तुकडा चालेल. दूध नको. मांजराला दूध हे समीकरण आपल्या बालगीतांनी रूढ केले असले तरी आईचे दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना गायी-म्हशींचे दूध पचत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवशी जुलाब म्हणजे ताज्या टाक्यांना त्रास.

दुसरी गोष्ट ऊब. भूल दिलेल्या शरीराला स्वतःचे तापमान राखता येत नाही, आणि लहान पिल्लाला तर मुळीच नाही. बेळगावकडचा आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथली फरशी किती गार पडते हे ठाऊक आहे. म्हणून पहिल्या रात्री पिल्लू जमिनीवर नको. बुट्टीत किंवा खोक्यात जुनेराच्या दोन-तीन घड्या घालाव्यात, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूस ठेवावी, म्हणजे त्याला नको वाटले तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. चुलीच्या अगदी जवळ नेऊ नये. धुंदीतल्या जीवाला भाजल्याचेही कळत नाही. खोली अंधारी, शांत, खालची. माळा, फडताळ, खिडकीची चौकट या मांजरांच्या आवडत्या जागा त्या रात्री बंद. भुलीतून उठणारे पिल्लू दारू प्यालेल्या माणसाप्रमाणे झोके खाते आणि आपल्याला उडी मारता येते या भ्रमात असते. कधी त्याची नजर टक लावल्यासारखी, डोळे उघडेच राहिलेले दिसतात, कधी डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा पुढे आलेला दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये, भुलीचा अंमल उतरला की ते ओसरते. आठ-दहा तासांनंतरही पिल्लू हाकेला ओ देत नसेल, अंग गार लागत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

आईला त्याच्याजवळ सोडण्याची घाई करू नये. हे वाचून वाईट वाटेल, पण दवाखान्याचा वास लागलेले आपले पिल्लू मनीला ओळखता येत नाही. ती त्याच्यावर फिस्कारते, क्वचित पंजाही मारते. एक-दोन दिवसांनी वास उतरला की सर्व पूर्ववत होते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती रोगाची नाही, बरे होण्याची आहे. मोठे मांजर दोन दिवस पडून राहते. पिल्लू दुसऱ्याच दिवशी पडद्यावर चढू पाहते. घरातील मंडळी आनंदाने म्हणतात, बघा, बरे झाले! बाहेरचा टाका दिसतो. आत, पोटाच्या स्नायूत, आणि त्याच्याही आत बांधलेल्या शिरेवर जे टाके असतात ते दिसत नाहीत. त्यांना जुळून यायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस परड्यात सोडणे नाही, गच्चीवर नाही, बोक्याशी कुस्ती नाही. खेळवावे तर जमिनीवर, दोरीने, बसल्या जागी. पोरे घरात असली तर त्यांना हे समजावून सांगणे पिल्लाला समजावण्यापेक्षा सोपे असते, असा आमचा अंदाज आहे, चुकीचाही असेल.

टाके चाटण्याबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की जनावराच्या लाळेने जखम बरी होते. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. ती दहा मिनिटांत टाका उसवू शकते. म्हणून गळ्याभोवती शंकूसारखा प्लास्टिकचा पट्टा देतात. तो घातला की पिल्लू मागे-मागे चालते, भांड्यांना धडकते, केविलवाणे ओरडते, आणि घरातील कोणीतरी दया येऊन तो काढून ठेवते. ही दया महागात पडते. पट्टा असह्यच झाला तर पशुवैद्याला विचारून जुन्या सुती कापडाचे किंवा मोठ्या मोज्याचे, पायांसाठी चार भोके पाडलेले झबले शिवता येते. आपल्या आया-बहिणींनी अंगडी-टोपडी शिवण्यात हयात घालवली आहे; हे त्यांना शिकवावयास नको.

आणि जखमेवर काही लावू नये. हळद नको, खोबरेल नको, चुन्याची निवळी नको. डेटॉलसारखी जंतुनाशके तर मुळीच नकोत. मांजर ती चाटते आणि ती त्याला बाधतात. हळदीवर आमची श्रद्धा कोणापेक्षा कमी नाही, पण स्वच्छ शिवलेल्या जखमेला तिची गरज नसते. तिने फक्त खालचा लालसरपणा झाकला जातो आणि चाटण्याचे निमित्त वाढते. दिवसातून दोनदा उजेडात जखम पाहावी. कडा किंचित लाल, थोडी सूज, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वाभाविक. कडा विलग झाल्या, पू किंवा दुर्गंधी आली, रक्त ठिबकू लागले, सूज रोज वाढत गेली, पिल्लाने दिवसभर अन्न तोंडात घेतले नाही किंवा ते पुन्हा पुन्हा ओकले, तर फोन करू नये, थेट उचलून न्यावे. अंघोळ नाही. त्याच्या शौचाच्या पाटीत वाळू किंवा राख असते. ती ओल्या जखमेला चिकटते. त्याऐवजी वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे घालावेत. आमच्या अग्रलेखांचा इतका थेट लोकोपयोग दुसरा कोणता होईल, याची आम्हांस कल्पना नाही.

बोक्याचे प्रकरण सोपे. दोन बारीक छेद, पुष्कळदा टाक्यांशिवाय, चार-पाच दिवसांत भरून येणारे. पण एक मेख आहे: शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तो पिल्ले देऊ शकतो. तेवढा काळ घरातील शस्त्रक्रिया न झालेल्या मांजरीपासून त्याला वेगळे ठेवले नाही तर खटाटोप व्यर्थ. पुढे दोघांचीही भूक तशीच राहते आणि शरीराची गरज उतरते, म्हणून घास थोडा आवरावा.

यांतली एकही गोष्ट अशी नाही की जी काकतीच्या घरात करता आली नसती. जुनेर होते, बुट्टी होती, मासळी नाही तरी कोंबडी होती, आणि माया तर ओसंडून वाहत होती. नव्हता तो फक्त एक कागद, मराठीत लिहिलेला, ज्याच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत असते: माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका.

तालुक्याच्या दवाखान्याला आपल्याकडे अजूनही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात, आणि ते नाव खोटे नाही. तो उभा राहिला बैलाच्या खांद्यासाठी, गायीच्या वेतासाठी, लाळ्या-खुरकुतासाठी. शेतीप्रधान देशात ते योग्यच होते. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हाही बैल आणि घोडा हेच चिंतेचे विषय होते. आता खेड्यापाड्यांतील लोक मांजर घेऊन दाराशी उभे राहतात, तेव्हा तेथील डॉक्टरची तारांबळ उडते. औषधाचे थेंब तालुक्यात मिळत नाहीत, लहान जीवाला शोभेल असा पिंजरा नसतो. शहरातील खासगी दवाखाने चकचकीत आहेत, पण त्यांची कागदपत्रे इंग्रजीत. सीमाभागात तर भाषेचा प्रश्न निघाला की माणसे अस्तन्या सावरतात. आम्ही येथे कोणाच्या पाटीवर कोणती लिपी असावी हे सांगत नाही. एवढेच म्हणतो की काकतीच्या घरी जाणारा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये असावा. फोंड्याच्या, पेडण्याच्या घरी जाणारा मराठीत आणि कोंकणीत असावा. तो छापायला किती पैसे लागतात? लग्नपत्रिकेपेक्षा नक्कीच कमी.

गोमंतकीयांना याचा पुरावा दूर शोधावा लागणार नाही. २०१४ मध्ये मिशन रेबीजचे काम आपल्या राज्यात सुरू झाले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. जाळी आणि लस घेऊन फिरणाऱ्या तुकड्यांचे श्रेय मोठेच. परंतु त्याचबरोबर शाळाशाळांतून मुलांना कुत्रा चावला तर काय करावे, जखम साबणाने धुवावी, कोणाकडे जावे, हे त्यांच्या भाषेत सांगितले गेले. मुलांनी ते घरी नेले. ज्ञान उंबरा ओलांडून आत गेले, तेव्हा मोहीम यशस्वी झाली. मांजरांच्या शस्त्रक्रियांची शिबिरे भरतात तेथे मात्र अजून हिशेब एकच असतो: आज किती झाल्या? पन्नास, शंभर, फोटो, सत्कार, चहा. आम्ही आयोजकांना नम्रपणे विचारू, दहाव्या दिवशी किती जिवंत आणि धडधाकट होत्या, हा आकडा कोणाच्या वहीत आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरी एक फोन, ‘खाल्ले का, काही दिले का’ एवढे दोन प्रश्न, याला किती मनुष्यबळ लागते? एका फोनने वहिनींची भाटी वाचली असती, असे आम्ही छातीठोक म्हणत नाही. पण गोळी दिल्याचे त्या सकाळी कळले असते, आणि बेळगाव तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

या हयगयीचा परिणाम एका पिल्लापुरता राहत नाही. त्या दोन दिवसांत आमच्या कानांवर गल्लीतील बोलणे येत होते. ‘ऑपरेशन केलं आणि मेलं बघा.’ गोळीचे कोणाला ठाऊक नव्हते. ऑपरेशनचे सर्वांना ठाऊक होते. शेजारच्या ज्या दोन घरांनी मनीची पिल्ले नेली होती, त्यांनी आपला बेत रद्द केला. एकीच्या घरी लवकरच पिल्ले होतील, आणि ती पिल्ले पुन्हा कोणत्यातरी अंधाऱ्या रात्री गाठोड्यातून महामार्गापलीकडे जातील. एका चतकोर गोळीने किती जीवांचे भवितव्य ठरवले, याची बेरीज आम्ही करू शकत नाही.

आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी तो इंग्रजी कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘वाचून दाखवा भावोजी, सगळं.’ आम्ही एकेक वाक्य सांगत गेलो, त्या नातवाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत गेल्या. अक्षर जुन्या वळणाचे, टपोरे. पहिली ओळ मात्र त्यांनी कागदावरून घेतली नाही. ती त्यांची त्यांनीच लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. बोका तेव्हा खोक्यातून डोके बाहेर काढून आमच्याकडे पाहत होता, गळ्यात पट्टा, डोळ्यांत राग. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असल्याचे स्नेह्यांनी कळवले. ते पान आता पिठाच्या डब्यामागे भिंतीला चिकटवलेले आहे. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतील एक बाई ते उतरवून घ्यायला आली होती. तिच्या घरची भाटी येत्या बुधवारी दवाखान्यात जायची आहे.